कबुलीजबाब कोणापुढे दिला? एका अपिलाचा इतिहास

१/ अमली पदार्थांच्या खटल्यात तपास अधिकाऱ्यापुढे दिलेल्या कबुलीजबाबावर आरोपीला दोषी ठरवावे का? याचे निर्णायक उत्तर मिळण्यास ३५ वर्षे लागली.

२/ प्रश्नाचे मूळ ब्रिटिश अमदानीत आहे. १८५५ साली मद्रास इलाख्यातील छळाची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल आला. सरकारी नोकर रयतेला यातना देत असल्याचे त्यातून उघड झाले. पुढे १८७२ च्या पुरावा कायद्याच्या कलम २५ ने दंडक घातला : पोलीस अधिकाऱ्यापुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध सिद्ध करता येणार नाही.

३/ १४ नोव्हेंबर १९८५ रोजी एनडीपीएस कायदा अमलात आला. गंभीर गुन्ह्यांना किमान १० वर्षे सक्तमजुरी. तपासाचे अधिकार पोलिसांप्रमाणेच सीमाशुल्क, अबकारी इत्यादी खात्यांनाही मिळाले. कलम ६७ खाली हे अधिकारी कोणाकडेही माहिती मागू शकत.

४/ मग हे अधिकारी ‘पोलीस’ की नव्हेत? १९९० साली राजकुमार करवाल खटल्यात सर्वोच्च न्यायालय म्हणाले, नव्हेत. २००८ च्या कन्हैयालाल निकालाने कलम ६७ खालचा जबाब कबुली म्हणून ग्राह्य धरला. परिणामी, ठाण्यात उच्चारलेले जे शब्द निरुपयोगी, तेच दुसऱ्या खात्याच्या कचेरीत माणसाला दहा वर्षे तुरुंगात धाडू शकत.

५/ तोफान सिंग यांची शिक्षा अशाच जबाबावर उभी होती. विशेष न्यायालयाने दोषी ठरविले. मद्रास उच्च न्यायालयाने ते कायम केले. अपील सर्वोच्च न्यायालयात पोहोचले आणि २०१३ साली हा प्रश्न मोठ्या पीठाकडे सोपविण्यात आला.

६/ २९ ऑक्टोबर २०२० रोजी निकाल लागला, २ विरुद्ध १. न्या. नरिमन व न्या. नवीन सिन्हा यांच्या मते ज्याला पोलिसांसारखे तपासाचे अधिकार आहेत, तो कलम २५ पुरता पोलीसच. न्या. इंदिरा बॅनर्जी यांनी भिन्नमत नोंदविले. जुने दोन्ही निकाल रद्दबातल झाले.

७/ या निकालाने अमली पदार्थांचा कायदा सैल झाला नाही. जप्ती, मोहोरबंद नमुने, रासायनिक अहवाल व साक्षीदार यांवर आजही शिक्षा होते. फरक इतकाच की गुन्हा सिद्ध करण्याचे ओझे आरोपीच्या सहीवर टाकून तपास यंत्रणेला मोकळे होता येत नाही. अधिकाऱ्याच्या गणवेशाचा रंग बदलला म्हणून बंद खोलीतले भय बदलत नाही, हे १८५५ च्या अहवालातील सत्य न्यायालयाने १६५ वर्षांनी नव्या कायद्याला लागू केले.