सार्थ, सोठा आणि दिंडी : अनोळखी सोबतीच्या नियमांचा मागोवा

मराठीत ‘सार्थ’ हा शब्द आज ‘अर्थासह’ एवढ्याच अर्थाने वावरतो. ‘सार्थ ज्ञानेश्वरी’ हे त्याचे परिचित उदाहरण. संस्कृतात मात्र त्याचा दुसराही एक अर्थ रूढ होता: मालमत्ता घेऊन एकत्र वाट चालणाऱ्या पांथस्थांचा समुदाय. त्याचा नायक तो सार्थवाह. महाभारतातील यक्षप्रश्नांत प्रवाशाचा मित्र कोण, या प्रश्नाचे उत्तर सार्थ असेच दिले आहे. पुढे मराठीत या अर्थाची जागा तांडा, काफला या शब्दांनी घेतली आणि वाटेवरील संगतीसाठी ‘सोबत’ हा मूळचा अरबी शब्द फारसीच्या वाटेने येऊन घरचा झाला. शब्द पालटले, प्रश्न पालटला नाही. ज्याच्याशी रक्ताचे, गावाचे किंवा व्यवसायाचे नाते नाही, त्याच्याबरोबर निर्जन वाटेने कोणत्या भरवशावर चालावे? सह्याद्रीतील गडांवर जाण्यासाठी आज केवळ आंतरजालावरील निरोप वाचून, एकमेकांस पूर्वी कधीही न पाहिलेली माणसे एकत्र जमतात. तेव्हा हा प्रश्न निव्वळ पुराणवस्तूंच्या कोटीतला नव्हे.

या प्रश्नाचा एक प्राचीन विचार पाली जातककथांतील पहिल्याच कथेत, ‘अपण्णक जातका’त, आढळतो. वाराणसीहून पाचपाचशे गाड्यांचे दोन सार्थ निघतात. वाळवंटात पहिल्या सार्थास एक अनोळखी प्रवासी भेटतो. त्याचे केस ओले, हातात कमळे, गाडीची चाके चिखलाने माखलेली. पुढे भरपूर पाऊस आहे, पाण्याचे ओझे कशास वाहता, असे तो सुचवतो. नायक घडे रिकामे करवतो आणि सार्थ नाश पावतो. दुसरा नायक आपल्या माणसांस उलट विचारतो: ढग कोणी पाहिला काय? वीज, गडगडाट, पावसाळी वारा यांपैकी कशाचा कोणास अनुभव आला काय? आपल्याला विचारल्यावाचून ओंजळभरही पाणी वापरू नये आणि अपरिचित झाडाचे पान, फूल वा फळ तोंडी घालू नये, अशी आज्ञा त्याने आधीच दिलेली असते. वाटेवर मिळालेली माहिती पुराव्यावाचून स्वीकारू नये, हा या कथेतील नियम. परंतु तो पाळण्याची सारी जबाबदारी एकट्या नायकावर आहे. नायक मूर्ख निघाला, तर अनुयायांस उपाय नाही.

ही उणीव ‘बृहत्कल्पभाष्य’ या जैन प्राकृत ग्रंथात भरून निघालेली दिसते. साधूंना परक्या सार्थाबरोबर जावे लागे. म्हणून सार्थाची परीक्षा कशी करावी, हे त्यात तपशिलाने सांगितले आहे. गाड्यांचा भंडी, उंट-बैलादी जनावरांचा वहिलक, डोक्यावर ओझी वाहणाऱ्यांचा भारवह, पोटामागे फिरणाऱ्या मजुरांचा औदरिक आणि भिक्षूंचा कार्पटिक असे सार्थाचे पाच प्रकार तेथे येतात. वृद्ध आणि बालके यांस झेपेल अशा चालीने जाणारा सार्थ चांगला. केशर, कस्तुरी यांसारख्या मोलाच्या वस्तू नेणाऱ्या सार्थावर चोरांची नजर असते; उलट ज्याच्या गाड्यांत खाद्यपदार्थ आहेत, तो पूर किंवा अतिवृष्टीने वाट अडली असता साऱ्यांस जगवू शकतो. येथे दृष्टिकोन पालटला आहे. नायकाने अनुयायांस तपासावे असे नसून, सामील होऊ इच्छिणाऱ्याने नायकास आणि त्याच्या तयारीस तपासावे, असा हा विचार आहे. आणि त्या परीक्षेचे एक माप समुदायातील सर्वांत दुर्बळ व्यक्ती हे आहे.

नियम मोडले की दोष कोणावर जातो, हे नलोपाख्यानात दिसते. एकाकी दमयंती चेदिदेशाकडे निघालेल्या एका सार्थात सामील होते. रात्री सार्थ कमळांच्या सरोवराची वाट अडवून झोपतो आणि रानटी हत्ती त्यास तुडवतात. तळाची जागा चुकली होती, हे कथेच्या वर्णनातच आहे. तथापि वाचलेली माणसे देवतांचा कोप शोधतात, अपशकुन आठवतात आणि शेवटी संशय घेतात तो त्या अनोळखी, मलिन वस्त्रांतील स्त्रीवर. नियोजनातील चूक परक्याच्या माथी मारण्याची ही प्रवृत्ती त्या सार्थाबरोबर नाहीशी झाली, असे म्हणवत नाही.

संशयाचे दुसरे टोक म्हणजे विश्वासाचा घात. तो एकोणिसाव्या शतकातील ठगांच्या कागदपत्रांत भेटतो. विल्यम स्लीमन याने 1836 मध्ये ‘रामसीआना’ हा ठगांच्या सांकेतिक बोलीचा कोश प्रसिद्ध केला. त्या बोलीत प्रवाशांस गोड बोलून सोबतीस ओढणाऱ्यास ‘सोठा’ म्हणत आणि घाताच्या इशाऱ्यास ‘झिरनी’. तंबाखू आणण्याची साधी हाक हा इशारा ठरे. हा कोश माफीच्या आशेने साक्ष देणाऱ्या बंदिवानांच्या तोंडून उतरला आहे. त्यामुळे त्यातील ठगांच्या धर्माचे व संघटनेचे चित्र कितपत विश्वसनीय, याविषयी आधुनिक इतिहासकारांनी घेतलेल्या शंका रास्त होत. तरीही सोबतीच्या मिषाने वाटमारी होत असे, यास केवळ हा कोशच आधार नाही. त्यापूर्वीच, 1810 मध्ये, मेजर जनरल सेंट लेजर याने रजेवर गावी जाणाऱ्या शिपायांस अशा सोबत्यांपासून सावध करणारा आणि रोकड जवळ न बाळगता सरकारी खजिन्यावरील हुंडी न्यावी असे सुचवणारा हुकूम काढला होता.

भाषेच्या दृष्टीने सोठ्याचे यश विचारणीय आहे. सार्थाची सर्व बाह्य लक्षणे ठगांच्या टोळीत होती: नायक होता, शिस्त होती, गोड वाणी होती, संख्येचा दिलासा होता. नव्हती ती एकच गोष्ट. ही माणसे कोण आणि त्यांच्याबरोबर कोण निघाले आहे, हे टोळीबाहेर कोणासही ठाऊक नव्हते. 1836 च्या तिसाव्या कायद्याने ठगांच्या टोळीत असणे एवढ्याच गोष्टीस जन्मठेपेची शिक्षा ठरवली. परंतु सोबत करणे हाच गुन्हा मानल्याने विश्वासू सोबत कशी ओळखावी, हा प्रवाशाचा प्रश्न सुटत नव्हता.

त्याचे उत्तर देणारी एक व्यवस्था त्याच सुमारास महाराष्ट्रात आकार घेत होती. ज्ञानेश्वरांच्या पालखी सोहळ्यास शिस्त लावणारे हैबतबाबा आरफळकर हे ग्वाल्हेरीस शिंद्यांच्या पदरी होते. गावी परतताना वाटेत लुटारूंनी त्यांस पकडले होते, असे परंपरा सांगते. ही कथा अक्षरशः खरी असो वा नसो, सोहळ्याच्या रचनेत वाटेवरील भयाची जाण स्पष्ट आहे. प्रत्येक दिंडीस क्रमांक आणि रथापुढे किंवा रथामागे ठरलेली जागा असते. भिशी भरून दिंडीत आलेला परगावचा माणूसही त्या क्रमांकामुळे कोणाचा तरी होतो. मुक्कामी समाज आरतीच्या वेळी चोपदार चोप उंचावतो आणि सारे टाळ थांबतात. ज्या दिंडीची तक्रार असेल, ती मात्र टाळ वाजवीतच राहते. तिचे गाऱ्हाणे ऐकून घेतले जाते, हरवल्या-सापडल्याची पुकार होते, आणि मगच आरती पुढे सरकते. दुर्बळाचा आवाज ऐकला जाईपर्यंत हजारोंनी थांबावे, ही तरतूद अपण्णक जातकात नाही आणि बृहत्कल्पभाष्यातील परीक्षेच्याही पुढची आहे.

या व्यवस्थेसही मर्यादा होत्या. दिंडीत एकत्र चालणारे ब्राह्मण आणि मराठे जेवावयास मात्र वेगळे बसत, हे इरावती कर्वे यांनी स्वतः वाट चालून टिपले आहे. सुरक्षिततेचा नियम समतेचा नियम असतोच, असे नाही.

या पार्श्वभूमीवर आजच्या पदभ्रमणाकडे पाहता येते. 11 मार्च 2018 रोजी तमिळनाडूतील तेनी जिल्ह्यात कुरंगणीच्या डोंगरात वणव्याने पदयात्रींच्या दोन गटांस गाठले आणि वीसहून अधिक जण मृत्यू पावले. वाट कोणती ठरली होती आणि परवानगी कोणत्या वाटेची होती, हे प्रश्न नंतर विचारले गेले. ते निघण्यापूर्वी विचारण्याचे होते. आंतरजालावर नायकाचे छायाचित्र, पूर्वीच्या मोहिमांची यादी आणि प्रशंसा सहज मिळते. परंतु ही सारी बाह्य लक्षणे होत, आणि ती सोठ्यापाशीही होती. म्हणून जुन्या वाटांनी शिकवलेली परीक्षा तीन प्रश्नांत मावते. सर्वांत मंद चालणाऱ्याच्या गतीने हा समुदाय चालतो काय? कोण कोणाबरोबर कोठे गेले, हे समुदायाबाहेर कोणास ठाऊक आहे काय? आणि एखाद्याने टाळ वाजवीत ठेवला, तर बाकीचे थांबतात काय? या तिन्हींचे उत्तर होकारार्थी असेल, तेथेच अनोळखी माणसांचा जमाव ‘सार्थ’ या नावास पात्र ठरतो.