दोन तीर आणि मक्याचे एक फिकट रोप

आमचे सावरगाव जाम नदीच्या एका तीरावर, पांढुर्णा दुसऱ्या तीरावर. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी नदीच्या मधोमध पळसाचे झाड रोवतात, त्यावर निशाण बांधतात आणि दोन्ही तीरांवरून दगड सुटतात. गोटमारीमागची कथा या भागात लहानथोरांना पाठ आहे. पांढुर्ण्याचा मुलगा आणि सावरगावची मुलगी नदी ओलांडू लागली आणि पलीकडे पोचलीच नाहीत. धडधाकट पलीकडे कसे पोचावे, हा प्रश्न आम्हा नदीकाठच्या माणसांचा जुनाच. मला तो एकदा वर्गातही भेटला, आणि तेव्हा मी त्याला नीट उत्तर दिले नाही. त्याचीच ही हकीकत.

१९९४ सालची गोष्ट. बी.एस्सी.च्या वर्गाला मी पेशी शिकवीत होतो. प्रत्येक पेशीभोवती स्निग्ध पदार्थाचा अतिशय पातळ पडदा असतो. प्रथिने आत तयार होतात, पण त्यांतल्या कित्येकांचे काम पडद्यापलीकडे असते. पडदा न फाटता, आतले बाहेर न सांडता ती पलीकडे जातात कशी? १९७१ साली न्यूयॉर्कमध्ये ग्युंटर ब्लोबेल आणि डेव्हिड साबातिनी यांनी एक कल्पना मांडली: प्रथिनाच्या पुढच्या टोकाला पत्त्याची चिठ्ठी जोडलेली असते. १९७५ मध्ये ब्लोबेल आणि डॉबरश्टाइन यांनी तिला प्रयोगाचा आधार दिला. पुढे १९९९ मध्ये ब्लोबेल यांना त्यासाठी नोबेल पारितोषिक मिळाले. जीवाणूंमध्येही अशीच वाट सापडली होती. सुईच्या नेढ्यातून दोरा जावा तसे प्रथिन सरळ, उलगडलेले पलीकडे जाते आणि तिथे गेल्यावर आपली घडी घालते. मी फळ्यावर सुईदोराच काढला होता.

मागच्या बाकावरून एका मुलीने विचारले, "सर, ज्या प्रथिनाच्या पोटात आधीच लोखंड बसवलेले असते, त्याची घडी मोडली तर ते लोखंड सांडणार नाही का?"

"पुस्तकात तसे काही दिलेले नाही," असे म्हणून मी पुढे गेलो. ती खाली बसली आणि त्यानंतर तिने वर्षभरात काही विचारले नाही.

तिची शंका रास्त होती. जीवाणूंच्या काही प्रथिनांत लोखंड, गंधक, मॉलिब्डेनम यांची जोडणी पेशीच्या आतच होते, आणि ती घडी घातल्याशिवाय टिकत नाही. ही प्रथिने गुंडाळलेल्या स्थितीतच पडदा ओलांडत असली पाहिजेत. म्हणजे दोऱ्याने नव्हे, तर सुताच्या अख्ख्या गुंडीने नेढ्यातून जावे तसे! आणि यांतली काही प्रथिने तर पडद्याच्या जाडीपेक्षाही रुंद.

याचे उत्तर त्याच सुमारास जगात दोन तीरांवर अर्धे अर्धे पडून होते. एका तीरावर पानांचे अभ्यासक. हरितलवकाच्या आत आणखी एक पडदा असतो, त्यावर प्रकाशसंश्लेषण चालते. इंग्लंडमध्ये कॉलिन रॉबिन्सन आणि अमेरिकेत केनेथ क्लाइन यांच्या गटांना १९९०च्या सुरुवातीच्या वर्षांत आढळले, की काही प्रथिने हा पडदा नेहमीच्या इंधनावाचून, केवळ दोन्ही बाजूंच्या आम्लतेतील फरकाच्या जोरावर ओलांडतात. १९९५ मध्ये रॉबिन्सन यांच्या गटाने दाखवले, की या प्रथिनांच्या चिठ्ठीवर आर्जिनिन हे अमिनो आम्ल लागोपाठ दोनदा असावे लागते. त्यातले एक बदलले तरी दार उघडत नाही. दुसऱ्या तीरावर जीवाणूंचे अभ्यासक. १९९६ मध्ये बेन बर्क्स यांनी दाखवून दिले, की धातू पोटात घेऊन जाणाऱ्या जीवाणूंच्या प्रथिनांच्या चिठ्ठीवरही हीच जोडी आहे.

पूल बांधला तो मक्याने. ज्या पिकात बार्बरा मॅक्लिंटॉक यांना उड्या मारणारी जनुके सापडली, तेच हे पीक. असेच एक उडते जनुक मधे घुसून बिघडलेले मक्याचे वाण अमेरिकेत जपून ठेवलेले होते. त्याचे रोप फिकट उगवते आणि दाण्यातली शिदोरी संपली की मरते. १९९५ मध्ये ॲलिस बार्कन यांच्या प्रयोगशाळेने दाखवले, की त्या रोपात नेमकी हीच वाट बंद पडलेली असते. १९९७ मध्ये त्या जनुकाची लिपी वाचली गेली, तेव्हा तिची भावंडे जीवाणूंमध्ये निघाली. पुढच्याच वर्षी नॉर्विचचे संशोधक आणि कॅनडातला एक गट यांनी ती वाट ई. कोलाय या जीवाणूतही पक्की केली. इंग्रजी आद्याक्षरांवरून तिचे नाव पडले 'टॅट'. आमच्या कानाला ते 'तट' असेच ऐकू येते.

या दाराची रीतही न्यारी. ते कायमचे उघडे नसते. दोन घटक चिठ्ठी वाचतात, मग तिसऱ्या घटकाचे पुष्कळ रेणू तेवढ्यापुरते गोळा होतात, पाहुणा पलीकडे गेला की पांगतात. घडी बिघडलेल्याला बहुधा प्रवेश नसतो. क्षयाच्या जंतूला ही वाट जगण्यासाठी लागते, आणि माणसाच्या पेशीत ती नाही. म्हणून औषध शोधणाऱ्यांची नजर तिच्यावर आहे.

छिंदवाडा जिल्हा मक्यासाठी नावाजलेला. पांढुर्णा २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला, तरी आमच्या शेतातला मका तोच. लहानपणी निंदताना बाबा फिकट रोप दिसले की उपटून बांधावर टाकायला सांगत. शेतकऱ्याचे ते बरोबरच होते. पण ज्याचे काम शिकवणे, त्याने तसे करू नये. १९९४ साली मी एक रोप उपटून टाकले. तो प्रश्न खोटा नव्हता, माझे पुस्तक अपुरे होते.

निवृत्तीपूर्वीची शेवटची काही वर्षे मी हा धडा त्या मुलीच्या प्रश्नापासूनच सुरू करीत असे. फळ्यावर सुईदोरा काढायचो आणि शेजारी सुताची गुंडी. मग खडू खाली ठेवून मागच्या बाकाकडे पाहायचो.