नकला कोणी वाटायच्या?

राम गणेश गडकरी २३ जानेवारी १९१९ रोजी आपल्या या सावनेरात वारले, हे इथल्या शाळकरी पोरालाही ठाऊक असते. ‘एकच प्याला’ आणि ‘भावबंधन’ ही त्यांची दोन्ही नाटके त्याच वर्षी, त्यांच्या पश्चात रंगभूमीवर आली. त्यांत कोणी कोणते काम केले, ती यादी मात्र आपण कामगाराच्या नजरेने कधी वाचत नाही.

‘एकच प्याला’ गंधर्व नाटक मंडळीने केले. सिंधू बालगंधर्वांची, सुधाकर गणपतराव बोडसांचा. ही मंडळी १९१३ साली निघाली तेव्हा गोविंदराव टेंब्यांसह तिचे मालक हेच दोघे. ‘भावबंधन’ बळवंत संगीत मंडळीचे. लतिका दीनानाथ मंगेशकर, घनश्याम चिंतामणराव कोल्हटकर. आणि १९१८ साली किर्लोस्कर मंडळी सोडून ही कंपनी काढणाऱ्यांतही हे दोघे होतेच. कंपनी ज्याची, नक्कल त्याची. (नक्कल म्हणजे नटाच्या हाती पडणारी त्याच्या भाषणांची प्रत. जुना शब्द आहे, मला आवडतो.) या चौघांच्या गुणाबद्दल शंका घेणारा मी कोण? पण गुण आणि मालकी एका ठिकाणी आली, हा योग होता. गावोगावच्या हौशी मंडळींनी गुण सोडला आणि मालकी तेवढी उचलली.

बायकांची तर बहुतेक मंडळ्यांत परीक्षाच होत नसे. १९३३ साली ‘नाट्यमन्वंतर’ने ‘आंधळ्यांची शाळा’ केले, त्यात ज्योत्स्ना भोळे आणि पद्मा वर्तक उभ्या राहिल्या, तेव्हा कुठे ते दार नीट उघडले.

एका खाणीच्या वसाहतीतले नाटक मी जवळून पाहिले आहे. नायकाचे काम सर्वांत मोठी वर्गणी देणाऱ्याच्या पुतण्याला. हॉलेजवरचा एक खलाशी मात्र रोज पाळी संपवून तालमीला येई. जो गैरहजर त्याच्या जागी उभा राही. साऱ्यांची भाषणे त्याला पाठ. प्रयोगाच्या रात्री त्याच्या हाती पडद्याची दोरी दिली. कारण विचारले तर, “आमचे ठरले आहे.”

आता कुणी म्हणेल, हा युनियनवाला नाटकातही सेवाज्येष्ठता आणणार. छे! रामशास्त्र्याचे काम बढतीच्या यादीने देता येत नाही. दिग्दर्शकाने हवा तो नट निवडावा. पण वाचनाची तारीख आठ दिवस आधी फळ्यावर लागावी, सर्वांनी एकच उतारा सर्वांदेखत वाचावा, निवडणाऱ्याने स्वतः भूमिका घेऊ नये, आणि ज्याला नाकारले त्याला कारण तोंडावर सांगावे. १९५३ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या कामगार कल्याण मंडळाच्या नाट्यस्पर्धेत नटाची परीक्षा भर सभागृहात होते. मग त्याची निवड बंद खोलीत का?

आखाडीनंतर गणपतीच्या नाटकांच्या तालमी सुरू होतील. वाचनाची तारीख वाचनालयाच्या फळ्यावर लावा. त्या खलाशाला मी घेऊन येतो.