औरंगपुऱ्यांतील शाळा



एखाद्या जुन्या शहराचा इतिहास सांगावयाचा म्हटलें कीं आपली दृष्टि प्रथम वेशींकडे आणि घुमटांकडे जाते. औरंगाबादेच्या बाबतींत तर हा मोह आवरणें फारच कठीण. मलिक अंबरानें १६१० सालीं खडकी येथें वसविलेलें शहर, त्याची ती प्रसिद्ध नहर, पाणचक्कीचें पाणी, औरंगजेबाच्या बेगमेचा मकबरा, एकामागून एक दरवाजे. ह्यांविषयीं बोलतां बोलतां आपला वेळ सहज निघून जाईल आणि शाळेची घंटा मात्र ऐकूं येणार नाहीं. म्हणून आज मी ह्या दगडी वैभवाला वळसा घालून औरंगपुऱ्यांत शिरणार आहे. तेथें सरस्वती भुवन नांवाची शाळा आहे. संस्था १९१५ सालची. तिच्या इमारतींत शिल्पकलेचा नमुना म्हणून दाखवावें असें कांहीं नाहीं. परंतु मराठवाड्यांतील दोन-तीन पिढ्यांचें मन जेथें घडलें अशीं जीं थोडीं ठिकाणें आहेत त्यांत तिचें नांव पहिल्या ओळींत घ्यावें लागेल.

एक खुलासा आरंभींच करतों. २०२३ सालीं ह्या शहराचें नांव अधिकृतपणें छत्रपति संभाजीनगर असें झालें. ज्या काळाविषयीं मी बोलणार आहें त्या काळच्या कागदांत आणि लोकांच्या तोंडीं औरंगाबाद हेंच नांव असे. तेव्हां त्या प्रसंगांपुरतें तेंच नांव ठेवतों.

१९१५ सालीं शाळा काढणें ही आज ऐकावयास साधी वाटणारी गोष्ट आहे. पुण्यास न्यू इंग्लिश स्कूल १८८० सालीं निघालें, आणि त्यानंतर मुंबई इलाख्यांतील गांवोगांवीं खाजगी शाळांचें जणूं पेवच फुटलें. परंतु औरंगाबाद मुंबई इलाख्यांत नव्हतें. तें निजामाच्या राज्यांत होतें, आणि तेथें शाळेचा प्रश्न हा प्रथम भाषेचा प्रश्न होता. त्या राज्याच्या प्रजेपैकीं जवळजवळ निम्मी तेलगू बोलणारी, सुमारें चौथा हिस्सा मराठी बोलणारी, कानडी बोलणारे त्याहून कमी, आणि उर्दू ज्यांची घरची भाषा आहे असे लोक दहांत एक किंवा थोडे अधिक. दरबारची आणि कचेरीची भाषा पूर्वीं फारसी होती. १८८४ च्या सुमारास तिची जागा उर्दूनें घेतली. अर्ज उर्दूंत, फैसला उर्दूंत, नोकरीची परीक्षा उर्दूंत. ज्याला तलाठ्याच्या वरची पायरी चढावयाची आहे त्यानें ती भाषा शिकलीच पाहिजे, हें न सांगतां सर्वांना समजे.

शाळांचीं नांवेंसुद्धां त्याच वळणाचीं होतीं. प्राथमिक ती तहतानिया, मधली ती वस्तानिया आणि हायस्कूल तें फौकानिया. तहतानियांत मराठीला थोडी जागा असे. जसजसें वर जावें तसतशी ती आक्रसत जाई. फौकानियांत पोंचलेल्या मराठी मुलाची अवस्था डोळ्यांपुढें आणून पाहा. घरीं आजी जिला कोन म्हणे तो वर्गांत 'जाविया' होई. त्रिकोण 'मुसल्लस', चौरस 'मुरब्बा', भूगोल 'जुगराफिया'. ह्यांत गणित अवघड नव्हतें; गणितापर्यंत जाण्याची वाट अवघड होती. तारखादेखील फसली सनाच्या, वर्ष ऑक्टोबरांत सुरू होणारें. इसवी सन हवा असेल तर फसली आंकड्यांत कधीं ५९० तर कधीं ५९१ मिळवावे लागत. जो मुलगा हीं सारीं वळणें पार करी तो हुषार ठरे. जो अडे तो मठ्ठ ठरे, आणि घरीं जाऊन बैल हांकी. १९३१ च्या खानेसुमारींत ह्या राज्यांत साक्षरांचें प्रमाण शेंकडा पांचाच्या आसपास भरलें, त्याचें सर्व खापर भाषेवर फोडतां येणार नाहीं. परंतु भाषेला त्यांतून सोडवतांही येणार नाहीं.

आतां येथें एक मोठी मौजेची, किंवा पाहूं गेल्यास खेदाची, गोष्ट सांगावयाची आहे. ज्या राज्यांत मराठी मुलाला मातृभाषेंतून शिकतां येत नव्हतें, त्याच राज्यांत मातृभाषेंतून उच्च शिक्षण देण्याचा हिंदुस्थानांतील एक फार मोठा प्रयोग चालला होता. हैदराबादेस १९१८ सालीं उस्मानिया विश्वविद्यालय स्थापन झालें. तेथें पदार्थविज्ञान, गणित, कायदा, वैद्यक हें सर्व उर्दूंतून शिकवावयाचें असें ठरलें. मुंबई-मद्रासचे पंडित जेव्हां देशी भाषांत शास्त्रें शिकवणें अशक्य म्हणत होते, तेव्हां ह्या मंडळींनीं त्यासाठीं १९१७ सालीं स्वतंत्र भाषांतरखातें उघडून शेंकडों पुस्तकें उतरविण्याचें काम हातीं घेतलें. त्या खात्याचे पहिले प्रमुख होते मौलवी अब्दुल हक. आणि हे मौलवीसाहेब आयुष्याच्या ऐन उमेदीचीं वर्षें राहिले कोठें, तर औरंगाबादेस.

अब्दुल हक हे मूळचे उत्तरेकडील हापुडचे. औरंगाबादेस ते शाळाखात्याचे अधिकारी म्हणून आले. अंजुमन-ए-तरक्की-ए-उर्दू ह्या संस्थेचें चिटणीसपद त्यांच्याकडे आल्यावर त्यांनीं तिचें बिऱ्हाडच ह्या शहरांत आणलें, आणि १९२१ पासून 'उर्दू' नांवाचें संशोधनपर त्रैमासिक येथून काढलें. १९२३ सालीं शहरांत इंटरमीजिएट कॉलेज निघालें, तेंच आज किल्ले-अर्काच्या परिसरांतील शासकीय महाविद्यालय; त्याचेही ते कांहीं वर्षें प्राचार्य होते. वली आणि सिराज ह्या जुन्या दखनी कवींचें हें शहर, त्यामुळें त्यांना तें परकें वाटलें नसावें. त्यांच्या कामाचा झपाटा पाहिला म्हणजे मन थक्क होतें. आणि हा मनुष्य मराठीचा द्वेष्टा होता असें म्हणण्याची तर मुळींच सोय नाहीं. मराठीवर फारसीचा काय परिणाम झाला ह्या विषयावर त्यांनीं एक पुस्तकच लिहिलें, तें १९३३ सालीं प्रसिद्ध झालें. आपल्या तोंडीं हरघडी येणारे बाजार, अर्ज, फक्त, जमीन, वसूल हे शब्द कोठून आले हें एक उर्दूचा पंडित औरंगाबादेस बसून तपासीत होता. मराठी आपल्या शेजारीं आहे, हें त्यांना पुरेपूर ठाऊक होतें. आपल्या भाषेसाठीं जें मागितलें तें शेजारणीसाठींही मागावें, एवढेंच त्यांना सुचलें नाहीं. मला वाटतें, हा एका माणसाचा दोष म्हणण्यापेक्षां सत्तेच्या भाषेचा स्वभावच म्हणावा.

ह्या पार्श्वभूमीवर सरस्वती भुवनासारख्या शाळेचा अर्थ लागतो. ती एकटी नव्हती. हैदराबादेस १९०७ सालीं विवेकवर्धिनी निघाली होती. अंबाजोगाईस योगेश्वरी, आणि हिप्परग्यास १९२१ सालीं राष्ट्रीय शाळा निघाली. ह्या सर्वांना सरकारचा आधार नव्हता, उलट डोळा होता. सभा भरविण्यास परवानगी लागे हें तर मराठवाड्यांतील जुन्या माणसांना 'गश्ती निशाण ५३' ह्या नांवानें पाठच होतें. १९२४ च्या सुमारास खाजगी शाळा काढण्यासही पूर्वपरवानगीचा नियम झाला आणि कित्येक लहान शाळा त्यांत मिटल्या. तगलेल्या शाळा वर्गणीवर आणि शिक्षकांच्या अर्धपोटीं राहण्यावर तगल्या. त्यांचे इन्स्पेक्टर आले म्हणजे वर्गांत काय शिकविलें जातें ह्यापेक्षां भिंतीवर कोणाची तसबीर आहे ह्याची पाहणी अधिक होई, अशी त्या काळच्या माणसांची सांगी आहे. तसबिरींत शिक्षण असतें हें त्या इन्स्पेक्टरांना आपल्या शिक्षणतज्ज्ञांपेक्षां अधिक कळत असावें!

१९३८ सालीं हें सर्व वर उफाळून आलें. त्या वर्षीं स्टेट काँग्रेसवर जन्माआधींच बंदी आली आणि ऑक्टोबरांत सत्याग्रह सुरू झाला. स्वामी रामानंद तीर्थ हे त्याचे अग्रणी. त्यांचा पिंडही शिक्षकाचाच, हिप्परगा आणि अंबाजोगाई येथील शाळांतून घडलेला. पुढच्याच महिन्यांत औरंगाबादच्या इंटरमीजिएट कॉलेजच्या वसतिगृहांत मुलांनीं प्रार्थनेच्या वेळीं 'वंदे मातरम्' म्हटलें. अधिकाऱ्यांनीं तें बंद करण्याचा हुकूम दिला. मुलांनीं तो मानला नाहीं. त्यांना काढून टाकण्यांत आलें. दोन आठवड्यांच्या आंत हें लोण हैदराबादेस उस्मानियाच्या वसतिगृहांत पोंचलें आणि तेथूनही शेंकडों विद्यार्थ्यांचीं नांवें पटावरून उतरलीं. त्यांतल्या अनेकांना नागपूर विश्वविद्यालयानें आपल्या दारांत घेतलें. पुढें भारताचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव हे अशा काढलेल्या विद्यार्थ्यांपैकींच एक होते.

नीट पाहिलें तर गाणें हें निमित्त होतें. कॉलेज चांगलें होतें, ग्रंथालय चांगलें होतें, प्राध्यापक विद्वान् होते. नव्हतें तें एवढेंच, कीं दिवसभर दुसऱ्याच्या भाषेंत विचार केल्यावर संध्याकाळीं तरी स्वतःचें कांहीं म्हणावें, ही मोकळीक. योगायोग असा, कीं त्याच १९३८ च्या सुमारास अंजुमननेंही औरंगाबादचें बिऱ्हाड मोडलें आणि ती दिल्लीस गेली. मौलवीसाहेब फाळणीनंतर कराचीस गेले आणि १९६१ सालीं तेथेंच वारले.

औरंगाबादच्या सरकारी शाळेंत त्या सुमारास गणित शिकविणारे एक तरुण शिक्षक होते, गोविंदभाई श्रॉफ. १९११ सालीं विजापूर येथें जन्मलेले, कलकत्त्यास गणिताचें उच्च शिक्षण घेऊन आलेले. त्यांनीं ती नोकरी सोडली आणि चळवळींत उडी घेतली. तुरुंगवास, भूमिगत दिवस, १९४७-४८ चा अखेरचा लढा ह्या सर्वांतून ते गेले. १७ सप्टेंबर १९४८ रोजीं निजामानें शरणागति पत्करली आणि पुढच्या काळांत, राजकारणांत मोठें पद सहज मिळालें असतें अशा वेळीं, गोविंदभाईंनीं सरस्वती भुवन संस्थेचें काम आपलें मानलें. १९९२ सालीं त्यांना पद्मविभूषण मिळालें. २००२ सालीं ते वारले, तोंपर्यंत संस्था आणि ते असें दोन वेगळे शब्द शहरांत फारसे कोणी वापरीत नसे. गणिताच्या शिक्षकाचा हिशेबीपणा त्यांच्यांत होता म्हणतात. शाळा चालविण्यास देशभक्तीइतकाच तोही लागतो.

येथें थांबलों असतों तर कथा गोड झाली असती. परंतु तेवढ्यानें ती खरी होणार नाहीं. मराठीसाठीं झगडलेल्या ह्या शाळांतून मराठी बोलणाऱ्या सर्वांचीं मुलें बसत होतीं काय? बहुतेक नाहीं. वकील, व्यापारी, वतनदार आणि ब्राह्मण घरांतील मुलें हाच ह्या काळच्या खाजगी शाळांचा मुख्य भरणा. गांवाबाहेरच्या वस्तींतील मुलाला फौकानियाचा जाविया जितका दूर तितकाच ह्या शाळेचा कोनही दूर. ही उणीव दुसऱ्या कोणीं भरून काढली. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनें १९५० सालीं औरंगाबादेस महाविद्यालय काढलें. पुढें त्यास मिलिंद हें नांव मिळालें आणि परिसरास नागसेनवन. १ सप्टेंबर १९५१ रोजीं राष्ट्रपति राजेंद्रप्रसादांच्या हस्तें इमारतीची कोनशिला बसली. मराठवाड्याच्या खेड्यापाड्यांतून ज्यांच्या घरांत कधीं पाटी आली नव्हती अशीं मुलें तेथील वसतिगृहांत येऊन राहूं लागलीं. १९५८ सालीं शहराला स्वतःचें विद्यापीठ मिळालें तें ह्याच बाजूला, आणि त्याला बाबासाहेबांचें नांव मिळण्यास १९९४ साल उजाडावें लागलें. मध्यंतरीं किती घरें जळलीं हें मराठवाड्याला विसरतां येत नाहीं.

नागसेनवनापासून मकबरा फार दूर नाहीं. त्याच्या बागेंत एके काळीं नामदेव नांवाचा एक माळी होता. त्या बागेच्या देखरेखीचें काम कांहीं काळ मौलवी अब्दुल हकांकडे होतें, आणि आपल्या खोलीच्या खिडकींतून ते ह्या नामदेवाला पाहात बसत. त्यांनीं पुढें त्याचें एक छोटें व्यक्तिचित्र लिहिलें. नामदेव अस्पृश्य मानलेल्या जातींतला. मूलबाळ नाहीं, झाडांनाच लेकरें म्हणे, एकेका रोपाला सर्व बाजूंनीं न्याहाळी आणि हंसे. एका वर्षीं पाऊस पडला नाहीं तेव्हां दुरून पाणी वाहून आणून त्यानें बाग जगविली. झाडपाल्याचें ज्ञान असल्यामुळें आजाऱ्यांना औषध देई, दाम घेत नसे. एके दिवशीं मधमाशांचें मोहोळ उठलें, बाकीचे माळी पळाले. हा कामांत गढलेला, त्याला कळलेंच नाहीं, आणि त्यांतच तो गेला.

हें चित्र उर्दू पाठ्यपुस्तकांतून कित्येक पिढ्यांच्या मुलांनीं वाचलेलें आहे. औरंगपुऱ्याच्या चौकांत आज महात्मा फुल्यांचा पुतळा आहे, आणि त्याच्या बाजूनें सरस्वती भुवनाचीं मुलें-मुली दप्तरें पाठीला लावून रोज जातात. परंतु आपल्याच शहरांतल्या ह्या मराठी माळ्याचें नांव त्यांच्यापैकीं किती जणांनीं ऐकलें असेल, ह्याची मला शंका आहे. त्याची भाषा मराठी होती. त्याला कोणत्याच शाळेंत जागा मिळाली नव्हती, आणि त्याचें चरित्र लिहिलें गेलें तें उर्दूंत.