देवाच्या कोपाचा धाक : महाड-पोलादपूरचा इतिहास

देवाविषयी वाटणाऱ्या अवाजवी, कारणाशिवायच्या भीतीला मानसशास्त्रात ‘थिओफोबिया’ म्हणतात. मराठीत तिला असे वेगळे, रुळलेले नाव नाही. ‘देवभीरू’ हे तर कौतुकाचे विशेषण आहे. महाड आणि पोलादपूर तालुक्यांच्या डोंगरपट्ट्यात या भीतीची ओळख ‘कोप’ या शब्दाने होते. तिथे ती कुणा एकाच्या मनाचा आजार नव्हती, गावाच्या कारभाराचा भाग होती.

सह्याद्रीच्या पायथ्याच्या गावांत काळकाई, सोमजाई, वाघजाई, भैरी अशा देवतांची ठाणी आहेत. ‘जागृत’ किंवा ‘कडक’ म्हणून त्यांचा लौकिक असतो. ठाण्याभोवतीचे रान म्हणजे देवराई. तिथली वाळकी फांदीसुद्धा घरी न्यायची नाही. नेली तर घरात आजारपण येते, गुरे दगावतात, गोठ्याशी वाघ येतो, अशी समजूत. दंडाची पावती नाही, पहारेकरी नाही, तरी कुऱ्हाड थांबत असे. चूक झाल्याचा संशय आला की गुरव गाऱ्हाणे घालून कौल लावी. देवाच्या पाषाणाला चिकटवलेली कळी उजवीकडे पडली की होकार, डावीकडे पडली की नकार. मग नारळ-कोंबड्याची राखण देऊन कोप शमवायचा. कौलाचा अर्थ लावणारा मात्र माणूसच असे, आणि तो अर्थ गावच्या मानकऱ्यांसमोर लावला जाई.

या धाकाने राखलेल्या रानांची शास्त्रीय दखल परिसरशास्त्रज्ञ माधव गाडगीळ आणि वनस्पतिशास्त्रज्ञ वा. द. वर्तक यांनी 1970 च्या दशकात घेतली. तेव्हाच्या कुलाबा (आताच्या रायगड) जिल्ह्यातल्या, श्रीवर्धन तालुक्यातील गाणी गावची देवराई तोडायची ठरली, तेव्हा गावकऱ्यांनीच ती वाचवावी म्हणून त्यांच्याकडे धाव घेतली. गावकऱ्यांच्या सांगण्यात देवीइतकाच पाण्याचाही मुद्दा होता : रान गेले की झरा आटतो. ही भीती दिसते तितकी निराधार नसावी, असे म्हणायला इथे जागा आहे.

त्याच भीतीचा दुसरा उपयोग महाड शहराने पाहिला. चवदार तळे अस्पृश्यांसह सर्वांना खुले करण्याचा ठराव नगरपालिकेने 1924 मध्ये केला होता. तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर महाडला भरलेल्या अस्पृश्यांच्या परिषदेच्या प्रतिनिधींसह तळ्यावर गेले आणि पाणी प्यायले. काही होण्याची वाट कुणाला फार वेळ पाहावी लागली नाही, पण जे झाले ते माणसांनी केले. ही मंडळी आता वीरेश्वराच्या देवळात शिरणार, अशी आवई उठली आणि जमावाने मंडपात जेवणाऱ्या प्रतिनिधींवर हल्ला केला. ग्रामदैवत बाटण्याची धास्ती एवढी तयार होती, की खोटी बातमीही तिला पुरली. पुढे 108 घागरी पाणी उपसून, मंत्रोच्चारात शेण-गोमूत्र-दूध-दही ओतून तळे ‘शुद्ध’ करण्यात आले. ऑगस्टमध्ये नगरपालिकेने आपला ठराव मागे घेतला आणि डिसेंबरात प्रकरण कोर्टात गेले. तळ्यावरचा अस्पृश्यांचा हक्क मुंबई उच्च न्यायालयाने 17 मार्च 1937 रोजी मान्य केला.

गावकीनेही या भीतीचा उपयोग केला. शिमग्यात ग्रामदेवतेची पालखी घरोघर फिरते. ती ज्याच्या दारी येत नाही तो देवालाही नकोसा झाला, असा अर्थ निघतो. म्हणून पालखी नाकारणे हे गावकीच्या हातातले जबर हत्यार ठरले. वाळीत टाकल्याच्या अनेक तक्रारी रायगड जिल्ह्यातून पुढे आल्या. त्यानंतर 2016 मध्ये सामाजिक बहिष्काराविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. त्याआधी, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांच्या हत्येनंतर 2013 मध्ये आलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याने, अंगात दैवी शक्ती असल्याचे भासवून लोकांना भीती घालणे हा गुन्हा ठरवला. श्रद्धेला किंवा नुसत्या भीतीला या कायद्याने हात लावलेला नाही.

देवरायांवरचा धाक मात्र कायद्याने नव्हे, रस्ते, कोळशाच्या भट्ट्या आणि मुंबईच्या पैशाने ओसरत गेला. जुन्या कौलारू देवळाच्या जागी सिमेंटचे देऊळ बांधताना राईतले लाकूड लागते, आणि ते तोडण्याआधीही अनेक ठिकाणी देवाला रीतसर कौल लावला जातो.