निवण्याचे दिवस

गेल्या चैत्रात मी चौथीच्या वर्गाला भागाकार शिकवीत होते. फळ्यावर बाकी मांडता मांडता एकाएकी छातीतून एक वाफ उठली, गळ्यावरून वर चढली आणि कानशिले तापून निघाली. पदराने तोंड टिपते आहे तोच पहिल्या बाकावरचा एक पोरगा म्हणाला, "बाई, तुम्हांला ताप आलाय का?" ताप नव्हता. मला सेहेचाळिसावे लागले होते, एवढेच.

दिवाळी अंकात असला विषय कशाला, असे कुणी म्हणेल. फराळाचे ताट पुढे आहे, जावई माजघरात बसले आहेत, आणि ही बाई पाळी जाण्याच्या गोष्टी काढते! पण वाचकहो, तो फराळ केला कुणी? मध्यरात्रीपर्यंत चकल्या तळणाऱ्या पन्नाशीच्या बाईला घाम शेगडीमुळे आला की आणखी कशाने, हे घरच्या माणसांना कळले तर बिघडले कुठे? वैद्यकी सांगण्याचा मला अधिकार नाही. मी मॅट्रिकच्या पुढे गेले नाही. पण मी कादंबऱ्या लिहिते, आणि कादंबरी लिहिणाराला एक खोड असते: याच्या आधी काय होते, असे विचारीत राहण्याची. तेव्हा ही वैद्यकी नव्हे. हा एका वाफेचा इतिहास आहे.

माझे आजोळ जुन्या शेव्याचे. ते गाव आता त्या जागी नाही. बंदरासाठी ते उठले, आणि १९८९ साली तिथे जवाहरलाल नेहरू बंदर सुरू झाले. आजीची पिढी उरणच्या ज्या मिठागरांत राबली, त्या बाजूला आज कंटेनरांच्या चवडी दिसतात. पण मी लहान असताना आजी ओटीवर बसून शेजारणींना सांगत असे ते वाक्य मला अजून ऐकू येते: "इटाल सुटला गो बाय, आता मी मोकली!" त्या वाक्यात तक्रार नव्हती, सुटका होती. आता महिन्याचे चार दिवस बाजूला बसणे नव्हते आणि देवापुढे दिवा लावायला कुणाला विचारायचे नव्हते. तिच्या बोलीत या अवस्थेला आजाराचे नावच नव्हते.

त्रास मात्र होताच. रात्री ती घामाघूम होऊन उठे आणि दार उघडून खाडीच्या वाऱ्याला बसे. तिचे उपाय स्वयंपाकघरातले. कोकमाचे सरबत, भिजवलेला सब्जा, नाचणीची आंबील, धन्याचे पाणी. एक कातकरीण शतावरीच्या मुळ्या घेऊन येई. त्या कुठल्या, असे विचारले तर ती द्रोणागिरीकडे हात करी. उरणजवळच्या या डोंगराची कथा आमच्याकडे सगळ्यांना ठाऊक आहे. लक्ष्मणासाठी मारुती वनौषधींचा पर्वत घेऊन निघाला, तेव्हा त्याचा एक तुकडा इथे पडला म्हणतात. त्यामुळे तिथल्या मुळीवर संशय घेणे म्हणजे मारुतीवरच संशय घेणे.

जुन्या वैद्यकाचे म्हणणेही आजीपेक्षा फार निराळे नव्हते. बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होणारे रज पन्नाशीला, शरीर जरेने पिकल्यावर, क्षीण होते असे सुश्रुतसंहितेत सांगितले आहे. फळ पिकावे तसे शरीर पिकते. त्याला निराळा रोग म्हणून तिथे मांडलेले नाही.

नाव दिले ते फ्रान्समध्ये. १८२१ साली गार्दान नावाच्या डॉक्टराने महिना आणि थांबणे या अर्थाचे दोन ग्रीक शब्द जोडून 'मेनोपॉझ' हा शब्द रूढ केला. आणि नाव मिळाले की मागोमाग दुकान निघते. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील लिन गावी लिडिया पिंकहॅम या बाईने १८७५ साली आपला घरगुती वनस्पतींचा काढा विकायला काढला. बाटलीवर तिचे स्वतःचे प्रेमळ चित्र. काढ्यात इतर मुळ्यांबरोबर चक्क आपली मेथीही होती, आणि शेकडा अठराच्या आसपास मद्यार्कही! पण गंमत औषधात नाही. 'पिंकहॅमबाईंना पत्र लिहा' अशी जाहिरात असे, आणि डॉक्टरापुढे तोंड न उघडणाऱ्या असंख्य बायका तिला मनातले लिहीत. १८८३ साली बाई वारल्या, तरी पत्रे येत राहिली आणि त्यांच्या नावाने उत्तरेही जात राहिली. बायकांना काढा हवा होता हे खरे, पण त्याहून अधिक त्यांना विचारणारे कुणी हवे होते.

पुढे विज्ञानाचे दिवस आले. १९४२ साली अमेरिकेत गाभण घोडीच्या मूत्रापासून काढलेल्या संप्रेरकाच्या गोळ्या विक्रीस आल्या. १९६६ साली रॉबर्ट विल्सन या डॉक्टराने एक गाजलेले पुस्तक लिहून सांगितले की ही अवस्था म्हणजे उणिवेचा रोगच होय, आणि गोळी घेणारी स्त्री सदा तरुण राहील. आजीची सुटका साहेबाच्या देशात रोग झाली ती अशी. मग जुलै २००२ मध्ये सोळा हजारांहून अधिक अमेरिकन स्त्रियांवर चाललेली एक मोठी चाचणी मध्येच थांबवावी लागली. दोन संप्रेरकांची जोडगोळी घेणाऱ्यांत स्तनाचा कर्करोग आणि पक्षाघात वाढलेले दिसले. जगभर बायकांनी गोळ्या टाकून दिल्या. ही घबराटही जरा अतीच होती. त्या स्त्रियांचे सरासरी वय त्रेसष्ट होते. साठीच्या आत, पाळी जाऊन दहा वर्षे झालेली नसताना आणि दुसरी अडचण नसताना, फार त्रास होणाऱ्या बाईला डॉक्टरांच्या देखरेखीखाली या गोळ्यांचा फायदा तोट्याहून बहुधा अधिक असतो, असे आता जाणकार सांगतात.

मग आजीचे उपाय खरे की खोटे? मी जमेल तेवढे वाचले. शतावरीबद्दल पुरावा थोडा आहे. जवसाच्या चाचण्यांत वाफांवर विशेष गुण दिसला नाही. सोयाबीनचा थोडाफार दिसतो. कोकमाने गार वाटते, आणि तेवढ्यासाठी ते प्यावे. नाचणीचे मोल मात्र निराळे आहे. पाळी गेल्यावर हाडे झपाट्याने विरळ होतात, आणि १०० ग्रॅम नाचणीत ३५० मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. काट्यासकट खाल्ली जाणारी बारीक सुकी मासळीही त्याच कामाची. मिठागरात टोपली वाहणाऱ्या बाईला व्यायाम आणि ऊन शोधायला जावे लागत नव्हते. खुर्चीवर बसणाऱ्या मला रोज चालायला जावे लागते. आणखी एक नवल वाचले. चाचणीत ज्या बायकांना औषध म्हणून नुसती खोटी गोळी मिळते, त्यांच्याही वाफा पुष्कळ कमी होतात. समजूत घालून, बोलून करण्याच्या उपचारानेही या वाफांचा जाच कमी होतो असे सिद्ध झाले आहे. म्हणजे आजीच्या ओटीवर रात्री दोघी-तिघी बसत, तोही औषधाचाच एक भाग होता.

इथेच लेख संपला असता तर मला बरे वाटले असते. पण एक गोष्ट सांगितल्यावाचून हे लिहिण्यात अर्थ नाही.

माझ्या एका काकूची पाळी जाऊन दोन वर्षे झाली होती. मग पुन्हा डाग दिसू लागले. "जाता जाता असंच होतं," असे सगळ्यांचे मत पडले. त्यात माझेही होते. अशोकाची साल रक्तस्रावावर जुन्या काळापासून वापरतात, म्हणून तिचा काढा सुरू केला. सात महिने तो मी माझ्या हाताने उकळला. काकूही बिचारी निमूट प्यायची. "आता या वयात कुणाला दाखवू?" म्हणायची. दाखवले तेव्हा गर्भाशयाचा कर्करोग पसरलेला होता. वर्षभरात ती गेली. दोष अशोकाच्या झाडाचा नव्हता. आम्ही काढा दिला आणि प्रश्न विचारला नाही, हा दोष आमचा.

याच अबोलपणाची दुसरी बाजू बीडला दिसली. ऊसतोड करणाऱ्या बायकांनी ऐन तिशीत गर्भपिशव्या काढून घेतल्याचे २०१९ साली गाजले. राज्य सरकारने नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२ हजारांहून अधिक बायकांची पाहणी झाली, तेव्हा १३ हजारांहून अधिकींची ही शस्त्रक्रिया झालेली आढळली. पाळीत कोयता थांबला तर मजुरी बुडते, कर्करोग होईल अशी भीती घातलेली, आणि मोकळेपणी विचारायला कुणी नाही. पिशवीबरोबर बीजकोषही काढले, तर पन्नाशीतली वाफ त्या बाईला तिशीतच गाठते, आणि हाडेही तेव्हापासूनच झिजू लागतात.

म्हणून माझ्या माहेरवाशिणींना आणि सासुरवाशिणींना एवढेच सांगणे आहे. कोकम घ्या, नाचणी खा, संध्याकाळी दोघी मिळून चालायला जा. पण पाळी बंद होऊन बारा महिने झाल्यावर एक थेंब जरी दिसला, तरी काढ्याचे भांडे खाली ठेवा आणि आधी डॉक्टर गाठा. चाळिशीच्या आत पाळी थांबली तरीही गाठा. आणि घरातल्या पुरुषमंडळींनो, तुमची बाई मध्यरात्री दार उघडून बसली असेल तर "झोप की आता" म्हणू नका. शेजारी जाऊन बसा.

त्या दिवशी वर्गात मी त्या पोराला म्हटले, "ताप नाही रे. बायकांना या वयात असं गरम होतं. तुझ्या आईलाही पुढं होईल. ती खिडकी उघड जरा." पोरगे उठले आणि त्याने खिडकी उघडली. बंदराकडून वारा आला. त्या दिवसापासून माझा पदर तोंडाकडे गेला, की तो न विचारता उठतो.