मावळ्याची पारख : जामीन आणि हुद्दा

१/ अमेरिकेत महाविद्यालयीन महिला बास्केटबॉल संघांसाठी शाळकरी मुलींची देशपातळीवर क्रमवारी लावली जाते. कोणाला घ्यावे आणि कोणत्या पायरीवर ठेवावे, हा प्रश्न १७व्या शतकात भोर-वेल्ह्याच्या डोंगरांतही होता.

२/ येथील पाईक देशमुखांभोवती गोळा झालेले असत. रोहिड खोऱ्यात कारीचे जेधे, हिरडस मावळात बांदल. पाईक आधी देशमुखाचा, मग राज्याचा.

३/ शिवाजी महाराजांनी भरतीला शिस्त लावली. ग्रँट डफच्या इतिहासानुसार (१८२६) ते प्रत्येक उमेदवाराला स्वतः पारखून घेत. माणूस अपरिचित असल्यास आधीपासून चाकरीत असलेल्याचा जामीन घेतला जाई.

४/ सभासद बखरीतील पायदळाची उतरंड अशी : १० माणसांवर नाईक, ५० वर हवालदार, २-३ हवालदारांवर जुमलेदार, १० जुमल्यांवर हजारी. जुमलेदारास वर्षाला १०० होन, हजारीस ५००.

५/ हे वेतन सरकारातून मिळे. त्यामुळे पाईकाची निष्ठा देशमुखाच्या वाड्याकडून राजगडाकडे वळली. गावची ओळख मात्र पुसली गेली नाही, ती जामिनाच्या रूपाने स्वराज्याच्या कामी आली. क्रमवारी माणसाचे बळ सांगते. त्याच्या भरवशासाठी मावळात दुसऱ्या माणसाला आपला शब्द पणाला लावावा लागे.